भिंतीवरचे संपादक : प्रकल्प नोंदी

४ जून

काम शेवटी अंगावर आलंच. वाचनकक्षाच्या लांब भिंतीवर बारा फलक आणि सोबत सोळा पानी पुस्तिका. विषय : 'जर्नल ऑफ एक्स्पेरिमेंटल मेडिसिन'चे जुने संपादक आणि त्यात छापून आलेले गाजलेले शोधनिबंध. सगळं मराठीत. या जर्नलचे जुने बांधीव खंड आमच्याकडे आहेत, पण वर्षानुवर्षं त्यांना कुणी हात लावलेला नाही. ग्रंथपालबाई म्हणतात, निदान पाहुण्यांसारखी ओळख तरी करून द्या त्यांची.

आम्ही चौघं आहोत. बाई, पॅथॉलॉजीचे निवृत्त प्राध्यापक (आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणतो), एक डिझायनर आणि लिहायला मी. पहिल्या बैठकीत एकच गोष्ट ठरली : हार घातलेल्या फोटोंची रांग लावायची नाही. ठरवायला सोपं गेलं. अडचण नंतर लक्षात आली. लेखकाचा निबंध दाखवता येतो. संपादकाचं काय दाखवणार? त्याचं काम चांगलं झालं असेल तर ते दिसायलाच नको.

७ जून

संपादकांची यादी करायला बसलो. पहिले विल्यम हेन्री वेल्च. १८९६ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये त्यांनी हे जर्नल सुरू केलं. अमेरिकेत प्रयोगावर आधारलेल्या वैद्यकीय संशोधनासाठी तोवर स्वतःचं असं व्यासपीठच नव्हतं.

यादी राहिली बाजूला आणि कपाटातच अडकलो. सहाव्या खंडाच्या पाठीवर '१९०१-१९०५' असं सोनेरी अक्षरांत लिहिलंय. वाटलं, बाइंडरने घोळ घातला. पाचवा खंड १९०१ ला संपतो, सातवा १९०५ चा, आणि मधे एकच पुस्तक पाच वर्षांचं? आत उघडून पाहिलं तर बरोबर आहे. आधीचे अंक १९०१-०२ चे, आणि मग एकदम १९०५.

सरांनी खुलासा केला. वेल्च जर्नल जवळजवळ एकहाती चालवत होते. तेच प्राध्यापक, तेच वैद्यकीय शाळेचे पहिले डीन, शिवाय साऱ्या देशातून सल्ला मागायला येणारी पत्रं. काम साचत गेलं आणि जर्नल बंद पडलं. १९०५ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटने ते चालवायला घेतलं आणि सायमन फ्लेक्सनर संपादक झाले.

पहिल्या फलकावर मला वेल्च यांचा फोटो नकोय. मला तो सहावा खंड हवाय, पाठीकडून काढलेला. संपादक थकला की काय होतं, ते त्या पाठीवर सोनेरी अक्षरांत लिहिलंय. बाईंना पटलं. डिझायनर म्हणाला, "पुस्तकाची पाठ लोक बघत नाहीत हो." बघतील.

१२ जून

निबंध निवडायचे कसे, यावर दोन तास गेले. डिझायनरने इंटरनेटवरून संदर्भांचे आकडे काढून आणले होते : कुठल्या निबंधाचा उल्लेख किती वेळा झाला, उतरत्या क्रमाने. काम एका रात्रीत उरकलं असतं.

सरांनी यादीवर बोट फिरवलं आणि विचारलं, "रिबेका लान्सफील्ड कुठे आहेत?" वरच्या पानांत नव्हत्या. मग त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, कारण माझ्या दृष्टीने निवडीचा प्रश्न तिथेच सुटला.

१९३३ मध्ये लान्सफील्ड यांनी याच जर्नलमध्ये दाखवलं की रक्तपेशी फोडणारे स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू त्यांच्या भिंतीतल्या कर्बोदकांवरून गटांत विभागता येतात. माणसांच्या आजारांतून मिळालेले बहुतेक 'अ' गटात, गाईगुरांचे 'ब' गटात, चीजमधले आणखी वेगळ्या गटात. आज घसा दुखतो म्हणून डॉक्टर 'ग्रुप ए स्ट्रेप'ची तपासणी लिहून देतो. नवजात बाळाला 'ग्रुप बी'चा संसर्ग होऊ नये म्हणून गरोदरपणी तपासणी होते. ती अक्षरं त्या १९३३ च्या निबंधातली. पण आज 'ग्रुप ए' लिहिताना लान्सफील्डचा संदर्भ कोण देतो? पाण्याला 'एच टू ओ' म्हणताना आपण कुणाचं नाव घेतो का? निबंध भाषेत इतका मुरला की आकड्यातून गळून पडला.

आकड्यांची यादी बाजूला ठेवली. कसोटी ठरली ती अशी : हा निबंध नसता तर आजच्या डॉक्टरला कुठलं वाक्य बोलताच आलं नसतं? कसोटी ढोबळ आहे हे मान्य. पण आकड्यांपेक्षा बरी.

लान्सफील्ड यांचा फलक पक्का.

१५ जून

आज खंड तेरा, साल १९११. हात काळे झाले, पण दिवस सार्थकी लागला.

पान ३८७ वर ॲलेक्सिस कॅरेल आणि माँट्रोझ बरोज यांचा निबंध सुरू होतो : शरीराबाहेर ऊती कशा वाढवायच्या, त्याचं तंत्र. दहा पानं. पान उलटलं की ३९७, आणि तिथे पेटन राउस यांचा निबंध. कोंबडीच्या गाठीचा अर्क त्यांनी पेशी अडतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला आणि तो दुसऱ्या कोंबडीला टोचला, तर तिलाही तशीच गाठ झाली. म्हणजे पेशी नसतानाही कर्करोग पुढे गेला. आधीची ती कोंबडी प्लिमथ रॉक जातीची, छातीवर गाठ घेऊन १९०९ मध्ये इन्स्टिट्यूटमध्ये आणलेली.

पेशी काचेत वाढवण्याचं तंत्र आणि कर्करोग घडवणारा विषाणू, दोन्ही पाठीला पाठ लावून. मधे फक्त एक कोरा कोपरा. फ्लेक्सनरना हे शेजारपण जाणवलं असेल का, कुणास ठाऊक. मी त्या दोन पानांचा फोटो घेतला तेव्हा बाई म्हणाल्या, "हा फलक आडवा करा, उघड्या पुस्तकासारखा." करतोय.

मजकुराचा पहिला खर्डा सरांनी खोडला. मी लिहिलं होतं, 'राउस यांनी कर्करोगाचा विषाणू शोधला.' सर म्हणाले, "१९११ मध्ये राउस असं म्हणालेच नाहीत. शीर्षकात फक्त 'गाठीच्या पेशींपासून वेगळा करता येणारा कारक' आहे. त्यांना माहीत नव्हतं ते त्यांच्या तोंडी घालू नका." बरोबर आहे. त्या एका 'कारक' शब्दाच्या आडोशाने जगाने पुढची कित्येक वर्षं त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. नोबेल मिळालं १९६६ मध्ये, निबंधानंतर पंचावन्न वर्षांनी. राउस तेव्हा ८७ वर्षांचे होते.

१९ जून

फ्लेक्सनर यांच्या फलकाचं मांडणीचित्र आलं. फोटो चुकीचा. तो अब्राहम फ्लेक्सनर यांचा, सायमन यांच्या धाकट्या भावाचा. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालामुळे अब्राहम जास्त प्रसिद्ध, म्हणून शोधलं की तेच वर येतात. चूक डिझायनरची, पण फलक पाहून मीही आधी 'छान झालाय' म्हणालो होतो. दोघांनी मिळून खाली मान घातली.

२३ जून

नोगुची. हा फलक ठेवायचा की नाही, यावर आज पहिल्यांदा आवाज चढले.

हिदेयो नोगुची जपानमधून आले ते फ्लेक्सनर यांचं बोट धरून. १९०० मध्ये कुणाला न कळवता ते फिलाडेल्फियात त्यांच्या दारात हजर झाले. फ्लेक्सनरनी आधी सापाच्या विषावर काम दिलं, नंतर रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये सोबत नेलं. १९१३ मध्ये नोगुची आणि मूर यांनी या जर्नलमध्ये दाखवलं की वेड आणि पक्षाघात होऊन मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचा जंतू सापडतो. वेडाच्या एका मोठ्या प्रकारामागे जंतू आहे, हे डोळ्यांनी दिसलं. निबंध आजही शाबूत आहे.

मग १९१९. इक्वेडोरमधल्या ग्वायाकिलहून परतल्यावर नोगुचींनी पीतज्वराचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, एकामागून एक निबंध छापून. तो जंतू म्हणजे लेप्टोस्पायरा. त्यावरून लस बनली, रक्तद्रवही बनला, आणि दोन्ही वापरले गेले. सगळं याच पानांतून. आणि सगळं चुकीचं. त्यांनी तपासलेल्या काही रुग्णांना पीतज्वर नसून लेप्टोस्पायरामुळे होणारा वाइलचा आजार असावा. त्यातही कावीळ होते. १९२६ मध्ये मॅक्स थायलर आणि सेलार्ड्स यांनी दाखवलं की नोगुचींचा जंतू आणि वाइलच्या आजाराचा जंतू एकच. १९२७ मध्ये पश्चिम आफ्रिकेत एड्रियन स्टोक्स यांच्या गटाने असिबी नावाच्या रुग्णाच्या रक्ताने माकडांना पीतज्वर दिला आणि कारण विषाणू आहे हे दाखवलं. स्टोक्स त्याच वर्षी पीतज्वराने गेले. नोगुची स्वतः पडताळायला आक्राला गेले आणि मे १९२८ मध्ये तिथेच पीतज्वराने गेले.

डिझायनरचं म्हणणं, गौरवाच्या भिंतीवर चूक कशाला? आणि ज्याचा जीव गेला त्याची चूक तर नकोच. बाई त्याच्या बाजूने. सर गप्प होते, ते उठले आणि पासष्टावा खंड घेऊन आले. १९३७. थायलर आणि ह्यू स्मिथ : ऊतीसंवर्धनात बदललेला पीतज्वराचा विषाणू माणसांना लस म्हणून. '१७ डी' लस. आजही जग हीच टोचतं. मूळ विषाणू त्याच असिबीच्या रक्तातला, आणि तो नरम झाला तो कोंबडीच्या गर्भाच्या ऊतींत वाढवत नेल्यामुळे. म्हणजे पान ३८७ चं तंत्र. थायलर यांना १९५१ चं नोबेल मिळालं.

चूक आणि तिचं उत्तर, एकाच जर्नलमध्ये, अठरा वर्षांच्या अंतराने. शेजारी शेजारी लावले तर नोगुचींचा अपमान होत नाही, असं माझं मत. बाईंनी एकच अट घातली : १९१३ चा निबंधही त्याच फलकावर, वरच्या अंगाला. मान्य.

एक गोष्ट मात्र मी कुणाला न विचारता लिहिली आहे. १९१९ चे निबंध छापणारे संपादक फ्लेक्सनरच होते. आपल्या शिष्याचं लिखाण तपासायला दुसरं कोण होतं? फलकावर तेवढं एकच वाक्य ठेवलंय, टिप्पणी नाही.

२८ जून

राउस यांचा १९१६ चा, टर्नर यांच्यासोबतचा निबंध पुस्तिकेत टाकला : तांबड्या पेशी सायट्रेट आणि साखरेच्या द्रावणात काही आठवडे जिवंत ठेवायची पद्धत. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धात ऑस्वाल्ड रॉबर्टसन यांनी तिच्यावर रक्तसाठा उभारला. भिंतीवर जागा नाही. राउस आधीच दोन फलकांवर आहेत, तिसऱ्यावर आले तर भिंत त्यांच्याच नावावर करावी लागेल.

४ जुलै

एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी, १९४४. हा सोडून भिंत होऊच शकत नाही, म्हणून मी तो मुद्दाम शेवटी ठेवला होता.

बावीस पानं. शीर्षक इतकं कोरडं की त्यात 'जनुक' शब्द शोधूनही सापडत नाही. न्यूमोकॉकस या न्यूमोनियाच्या जिवाणूचा एक प्रकार दुसऱ्या प्रकारात बदलतो, तो बदल घडवणारा पदार्थ रासायनिकदृष्ट्या काय आहे, एवढंच. पण प्रयोगाचा भाग वाचताना माझं लक्ष एका ओळीवर अडकून राहिलं. ७५ लिटर जिवाणूंच्या द्रवातून शेवटी हाती लागतात १० ते २५ मिलिग्रॅम. अल्कोहोल घालून ढवळलं की ते धाग्यांसारखं वर येतं आणि काचेच्या काडीभोवती गुंडाळलं जातं. रिळावर दोरा भरावा तसं. प्रथिनं पचवणारं विकर टाकलं तर काही बिघडत नाही, आरएनए तोडणारं टाकलं तरी नाही. साठ कोटींत एक भाग इतकं पातळ केलं तरी पदार्थ काम करतो. तो डीएनए.

आणि शेवटी एक फोटो आहे. दोन बशा : एकीत बारीक, खडबडीत वसाहती, दुसरीत मोठ्या, ओल्या, चकचकीत. हा फरक त्या काडीवरच्या धाग्याने केला. हा फोटो मोठा करून लावतोय.

आता संपादकाचं काम. हस्तलिखित नोव्हेंबर १९४३ मध्ये राउस यांच्याकडे गेलं. तोवर ते या जर्नलचे संपादक झाले होते. सर सांगतात, ते हस्तलिखितं पेन्सिल घेऊन वाचायचे, बारीकसारीक शब्दांपर्यंत. छापलेल्या निबंधातला निष्कर्ष किती मोजून मापून मांडलाय ते पाहा : पुरावा अमुक समजुतीला आधार देतो, बस्स. यातलं सावधपण एव्हरींचं किती आणि पेन्सिलीचं किती, हे निबंधाकडे बघून वेगळं करता येत नाही. मूळ दुरुस्त्यांचं पान असतं तर मी फलकाच्या मधोमध तेच लावलं असतं. नाही, म्हणून मधोमध एक साधी पेन्सिल काढायला सांगितली. डिझायनरला ती इतकी आवडली की त्याने ती सगळ्या फलकांवर टाकली. परत काढून घेतली.

एव्हरींना नोबेल मिळालं नाही. मॅकार्टी पुढे याच जर्नलचे संपादक झाले आणि कित्येक दशकं राहिले. रेने द्युबोसही या यादीत आहेत. प्रतिजैविकांच्या वाटेवरचं त्यांचं सुरुवातीचं काम, एव्हरींसोबतचं, याच खंडांत आहे. फलकाच्या तळाला दोघांची नावं, फोटो नाहीत.

९ जुलै

आज सरांनी एक गोष्ट सांगितली आणि आखलेली भिंत पुन्हा हलली.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधल्या लेनर्ड हेफ्लिक यांनी मूरहेड यांच्यासोबत एक निबंध या जर्नलकडे पाठवला. माणसाच्या गर्भातल्या साध्या पेशी काचेत वाढवल्या तर सुमारे पन्नास वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. कितीही खाऊ घाला, थांबतात. निबंध परत आला. नकाराच्या पत्राखाली सही राउस यांची. म्हणणं असं की गेल्या पन्नास वर्षांत ऊतीसंवर्धनातून कळलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच की वाढण्याची क्षमता असलेली पेशी योग्य परिस्थितीत अखंड वाढत राहते. निबंध दुसऱ्या जर्नलमध्ये छापला, आणि त्या थांबण्याला आज 'हेफ्लिक मर्यादा' म्हणतात.

ही पन्नास वर्षं कुठून मोजली? पुन्हा कॅरेल. १९१२ मध्ये त्यांनी याच जर्नलमध्ये शरीराबाहेरच्या ऊतींच्या 'कायमच्या आयुष्या'वर लिहिलं. कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातला तो तुकडा चौतीस वर्षं जिवंत ठेवल्याची ख्याती झाली. इतरांना तो प्रयोग पुन्हा जमला नाही. खाऊ म्हणून घातलेल्या गर्भाच्या अर्कातूनच ताज्या पेशी आत जात असाव्यात, असा संशय पुढे घेतला गेला.

म्हणजे ज्या माणसाला स्वतःच्या निबंधासाठी पंचावन्न वर्षं वाट पाहावी लागली, त्यानेच दुसऱ्याचा निबंध परत पाठवला, आणि तोही शेजारच्या पानावरच्या माणसावर विश्वास ठेवून. मी लिहिता लिहिता उठून दोन चकरा मारल्या.

बाई म्हणाल्या, "हे लावलं तर राउस यांचं काय राहिलं?" सर म्हणाले, "सगळं राहिलं. पेन्सिल दोन्ही बाजूंनी चालते." बाईंना पटलेलं दिसलं नाही. पण "नका लावू" असंही त्या म्हणाल्या नाहीत.

बारावा फलक हेफ्लिकचा. या जर्नलमध्ये न छापलेल्या निबंधाचा. कसोटीत तो बसतो : त्याच्याशिवाय आजच्या डॉक्टरला पेशीच्या म्हातारपणाबद्दल बोलता येत नाही.

१६ जुलै

राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन, १९७३. उंदराच्या प्लीहेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या, त्यांना नाव दिलं 'डेंड्रिटिक'. पुढे स्टाइनमनही या जर्नलचे संपादक झाले. ३० सप्टेंबर २०११ ला त्यांचं निधन झालं आणि ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं. समितीला बातमी नंतर कळली, पुरस्कार कायम ठेवला. या फलकावर कुणाचाच वाद नव्हता, म्हणून लिहिण्यासारखंही फार नाही.

२१ जुलै

प्रुफं. 'संवर्धन' तीन ठिकाणी 'संवर्ध्न'. राउस एका जागी 'रौस'. ग्वायाकिलच्या स्पेलिंगवर सर आणि डिझायनर अर्धा तास बसले. पुस्तिका सोळाची वीस पानी झाली, छपाईवाल्याला फोन केला.

२४ जुलै

फलक आले आणि लागले. आडवा फलक, ३८७ आणि ३९७ चा, ठरल्याप्रमाणे मधोमध. त्याच्या डावीकडे नोगुची-थायलर, उजवीकडे एव्हरींच्या दोन बशा. हेफ्लिकचा फलक राउस यांच्या खाली बसवायचं ठरलं होतं. बाईंनी सकाळी स्वतः उभं राहून तो शेजारी, डोळ्यांच्या पातळीवर लावून घेतला. विचारलं नाही, लावलाच.

संध्याकाळी दोन विद्यार्थी पहिल्या फलकापाशी थांबले. पुस्तकाची पाठ बघत होते. मी मागून जवळ गेलो तर लक्षात आलं : छपाईवाल्याने फोटोखालची ओळ 'सुधारली' आहे. खंड सहावा, १९०१. एवढंच. पाच वर्षांचा खंड त्याला चूक वाटली असणार.

पांढऱ्या चिकटपट्टीवर '१९०१-१९०५' हाताने लिहून ठेवलंय. उद्या उजेडात, सरळ रेषेत लावायचं.